पाटीवर सात एचपी, कामात साडेचार: इंजिन बिघडलंय की आकडा चुकीचा वाचलाय?

तक्रार नेहमी एकाच छापाची असते. यंत्र चालू केलं की आवाज छान, रेस दिली की इंजिन झटकन उचलतं. पण पाती जमिनीत घातली, दाट गवतात शिरलं किंवा पंपाच्या पाइपात पाणी भरलं की इंजिन दबतं, आवाज जड होतो आणि कधी कधी ते बंदच पडतं. मग प्लग बदलला जातो, एअर फिल्टर बदलला जातो, नवा कार्ब्युरेटर येतो. फरक शून्य, किंवा नावापुरता. शेवटी वैतागलेला प्रश्न येतो: "सात एचपीचं इंजिन आहे, मग एवढंही ओढत नाही म्हणजे काय?"

या प्रश्नातले "सात एचपी" हेच दोन शब्द मी आता सगळ्यांत आधी तपासतो, कार्ब्युरेटर नंतर. हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. २१२ सीसीच्या एका छोट्या टिलरमागे, म्हणजे माती खणायच्या यंत्रामागे, मी दोन रविवार घालवले. कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, साफ केला, व्हॉल्व्हची फट बसवली, टाकीतलं पेट्रोल बदललं, टाकीचं झाकणसुद्धा बदललं. टिलर होता तसाच. तिसऱ्या रविवारी पान्याऐवजी कागद-पेन घेतलं आणि हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं की इंजिन ठणठणीत आहे. त्याला जेवढं देता येतं तेवढं ते देतच होतं. मी मागत होतो जास्त.

म्हणून आधी हिशेब, मग पाना. हिशेबाला दहा मिनिटं लागतात. आपल्या यंत्राकडून नेमकी किती ताकद मिळायला हवी हे कळल्याशिवाय ती कमी मिळतेय की नाही हे ठरवणार कसं?

पाटीवरचा आकडा कोणता?

एकाच इंजिनाचे तीन वेगवेगळे एचपी असू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. होंडाच्या जीएक्स१६० या सगळीकडे दिसणाऱ्या इंजिनाचं उदाहरण घेऊ. १६३ सीसी, एक सिलिंडर, चार स्ट्रोक. हे इंजिन पूर्वी ५.५ एचपी म्हणून विकलं जायचं. आज कंपनीच्याच माहितीपत्रकात ३६०० आरपीएमला (मिनिटाला ३६०० फेऱ्यांना) ४.८ एचपी, म्हणजे ३.६ किलोवॅट लिहिलेलं असतं. त्याच पत्रकात थोडं खाली सतत चालवायची ताकद दिलेली असते: ३६०० आरपीएमला २.९ किलोवॅट, म्हणजे साधारण ३.९ एचपी. इंजिन बदललं नाही, मोजायची पद्धत बदलली.

पहिला आकडा ग्रॉस. इंजिन चाचणीच्या बाकावर ठेवायचं, एअर फिल्टर आणि सायलेन्सर काढून टाकायचे आणि मोकळ्या श्वासाने ते जास्तीत जास्त किती देतं ते बघायचं. दुसरा आकडा नेट. यात फिल्टर आणि सायलेन्सर लावलेले असतात, म्हणजे इंजिन तुमच्या यंत्रावर जसं बसतं तसं. तिसरा आकडा सतत चालवण्याचा, म्हणजे तासन्‌तास ओढलं तरी इंजिन तापून खराब होणार नाही अशी ताकद. बऱ्याच इंजिन कंपन्यांच्या पुस्तिकांत असं सांगितलेलं असतं की रोजच्या कामाचा भार नेट ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. ही ओळ सहसा कोणी वाचत नाही.

अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे यासाठी वेगवेगळे नियम आहेत. जे१९९५ ग्रॉससाठी, जे१३४९ नेटसाठी, आणि छोट्या इंजिनांवर आकडा कसा छापायचा यासाठी जे१९४०. पाटीवर किंवा पुस्तिकेत यांतला कुठलाच क्रमांक नसेल, "नेट" हा शब्द नसेल आणि आरपीएमही दिलेला नसेल, तर तो आकडा ग्रॉस आहे असं धरून चाला. निम्म्याहून जास्त वेळा अंदाज बरोबर येतो. उरलेल्या वेळी तो आकडा ग्रॉसहूनही फुगवलेला निघतो.

या गोंधळावर कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. हिरवळ कापायच्या यंत्रांच्या इंजिनांवर एचपी वाढवून छापला जातो, म्हणून अमेरिकेत ग्राहकांनी बऱ्याच कंपन्यांवर दावे लावले. २००८ मध्ये ते मिलवॉकीच्या संघीय न्यायालयात एकत्र आले आणि २०१० मध्ये तडजोड मंजूर झाली. ढकलायच्या यंत्रामागे ३५ डॉलरपर्यंत आणि बसून चालवायच्या यंत्रामागे ७५ डॉलरपर्यंत रक्कम ठरली, वर वॉरंटी वाढवून मिळाली. ग्राहकाच्या हाती फार काही लागलं नाही, पण पाट्या बदलल्या. त्या सुमारास अनेक यंत्रांवरून एचपी गायब झाला आणि त्याच्या जागी सीसी किंवा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, आला. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनावर "६७५" दिसलं तर तो ६.७५ फूट-पौंड टॉर्क असतो, म्हणजे साधारण ९.१५ न्यूटन-मीटर, आणि तोही ग्रॉस. त्याला पावणेसात एचपी समजून घेणारे लोक मी पाहिले आहेत.

(एक बारीक गोष्ट उरकून टाकतो. एचपी दोन प्रकारचा असतो. एक ७४५.७ वॅटचा, दुसरा मेट्रिक, ७३५.५ वॅटचा. फरक दीड टक्क्याच्या आत, त्यावर वाद घालू नका. किलोवॅट दिला असेल तर तोच धरा, त्यात हा घोळ नाही.)

आरपीएमशिवाय एचपीला अर्थ नाही

बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथे सापडतं.

ताकद म्हणजे पिळायचा जोर गुणिले फिरायचा वेग. सूत्र सोपं आहे: टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. एचपी हवा असेल तर ०.७४६ ने भागा.

जीएक्स१६० चा जास्तीत जास्त टॉर्क १०.३ न्यूटन-मीटर आहे आणि तो २५०० आरपीएमला मिळतो. ३६०० ला तो थोडा उतरून साडेनऊच्या आसपास येतो, तरी वेग जास्त असल्यामुळे ताकद ३.६ किलोवॅट भरते. आता हेच इंजिन ३००० आरपीएमवर चालवा. टॉर्क दहा धरला तर १० × ३००० ÷ ९५४९, म्हणजे सुमारे ३.१ किलोवॅट, म्हणजे ४.२ एचपी. बिघाड काही नाही, आणि ५.५ च्या जुन्या पाटीवरून आपण ४.२ वर आलो.

"पण मी तर रेस पूर्ण दिलेली असते," असं कोणी म्हणेल. रेसचा कान पूर्ण ओढला म्हणजे इंजिन ३६०० ला गेलं असं होत नाही. छोट्या चार स्ट्रोक इंजिनात वेग गव्हर्नर ठरवतो, आणि गव्हर्नर किती वेगाला बसवायचा हे यंत्र बनवणारा ठरवतो. इंजिन बनवणारा वेगळा, यंत्र बनवणारा वेगळा. इंजिनवाल्याने ३६०० चा आकडा छापला, यंत्रवाल्याने गव्हर्नर ३१०० ला बसवला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.

यंत्रवाल्याकडे त्याला कारणंही असतात. गवत कापायच्या यंत्राचं पातं बहुधा थेट इंजिनाच्या दांड्यावर बसतं. पात्याच्या टोकाचा वेग किती असावा याला मर्यादा आहे. अमेरिकेतल्या बी७१.१ या मानकात ती मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण ९६.५ मीटर आहे. २१ इंची पात्याचा हिशेब करा. एका फेऱ्यात टोक १.६८ मीटर जातं. ९६.५ ला त्याने भागलं की सेकंदाला साडेसत्तावन्न फेरे, म्हणजे ३४५० आरपीएमच्या आसपास. तिथे कमाल मर्यादा आली, त्यामुळे कंपनी गव्हर्नर तिच्याही खालीच बसवते. अशा यंत्राच्या इंजिनावर ३६०० चा एचपी छापला असेल तर तो तुम्हाला जन्मात मिळणार नाही.

जनरेटरचंही तसंच. दोन पोलचा जनरेटर ५० हर्ट्झ द्यायचा तर तो ३००० आरपीएमलाच फिरला पाहिजे, ६० हर्ट्झला ३६००. म्हणजे तेच इंजिन ५० हर्ट्झच्या जनरेटरवर बसवलं की ताकदीचा एक हिस्सा आधीच वजा. वर जनरेटरच्या पाटीवर केव्हीए लिहिलेला असतो. त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर. तो ०.८ असेल तर २.५ केव्हीए म्हणजे २ किलोवॅट. एक किलोवॅट वीज काढायला इंजिनाचे साधारण दोन एचपी लागतात असा धोपट हिशेब धरा. तो थोडा सैल आहे, पण जनरेटरच्या बाबतीत सैलच बरा.

सीसीवरून फसवणूक पकडणं

एचपी फुगवता येतो, सीसी फुगवणं अवघड असतं. हेड उघडून सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल मोजली की खरं बाहेर येतं. म्हणून माझा भरवसा सीसीवर.

३६०० आरपीएमवर चालणाऱ्या साध्या पेट्रोल चार स्ट्रोक इंजिनाला एका नेट एचपीमागे साधारण ३३ ते ३६ सीसी लागतात. जीएक्स१६०: १६३ भागिले ४.८, म्हणजे ३४. जीएक्स२००: १९६ भागिले ५.५, म्हणजे सुमारे ३५.६. जीएक्स३९०: ३८९ भागिले ११.७, म्हणजे ३३. नावाजलेली, नीट बनवलेली इंजिनं इथे येतात. मग २१२ सीसीच्या अनोळखी इंजिनावर "७ एचपी" दिसलं तर २१२ ला ३४ ने भागा. ६.२ येतात. म्हणजे सात हा ग्रॉस. फार वाईट नाही, ग्रॉस म्हणून पटतं. पण त्याच आकाराच्या इंजिनावर "९ एचपी" दिसलं तर पाटी छापणाऱ्याचा हात सढळ आहे एवढंच त्यातून कळतं.

दोन स्ट्रोकला हा नियम लावू नका. तिथे दर फेऱ्याला स्फोट होतो आणि वेगही आठ-नऊ हजारांच्या घरात असतो. श्टिलची एमएस २५० ही करवत ४५.४ सीसीची आणि २.३ किलोवॅटची, म्हणजे एका एचपीला जेमतेम १५ सीसी. त्याच कंपनीचा एफएस ५५ हा गवतकापणीचा ब्रश कटर २७.२ सीसीचा आणि ०.७५ किलोवॅटचा, म्हणजे एचपीला २७ सीसी. रचना आणि वेग वेगळे, म्हणून एवढी तफावत. १५ ते २७ हा पट्टा धरला तर ५२ सीसीचा ब्रश कटर दोनपासून साडेतीन एचपीपर्यंत देऊ शकतो, आणि त्यातला वरचा आकडा चांगल्या करवतीसारख्या इंजिनालाच शक्य आहे. "५२ सीसी, ५ एचपी" वाचलं की पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नका.

डिझेलची तुलना पेट्रोलशी एचपीवरून करणं तर अजिबात फसवं. डिझेलचा वेग कमी, फ्लायव्हील जड, आणि भार वाढून फेरे उतरले तरी टॉर्क टिकून राहतो. पाच एचपीचं जुनं डिझेल सात एचपीच्या पेट्रोलला मागे टाकतं असं लोक म्हणतात ते खोटं नाही. डिझेलचा आकडा पुष्कळदा सतत चालवायचा असतो आणि पेट्रोलचा क्षणभराचा.

उंची आणि ऊन

इंजिन हवा खातं आणि उंचावर हवा विरळ असते. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीमागे साधारण साडेतीन टक्के उतरते. तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की दर साडेपाच अंशांमागे आणखी एक टक्का. ऐकायला किरकोळ वाटतं. १५०० मीटर उंचीवर ४० अंशांच्या उन्हात हिशेब केला तर साडेसतरा आणि वर पावणेतीन, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. उंचावर कार्ब्युरेटरचं मिश्रणही दाट होतं, काळा धूर येतो, पेट्रोल जास्त खातं. तिथे लहान मेन जेट टाकावा लागतो. तो टाकला तरी मिश्रण सुधारतं, गेलेली हवा परत येत नाही. आणि यंत्र पुन्हा सखल भागात नेलंत तर जुना जेट आठवणीने घाला. नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं आणि पिस्टन जातो.

माझ्या टिलरचा हिशेब असा निघाला. पाटी ७. सीसीवरून नेट ६.२. गव्हर्नर ३०५० ला बसवलेला, म्हणून ५.७ च्या आसपास. ६०० मीटर उंची आणि दुपारचं ऊन मिळून नऊ टक्के वजा, ५.२. त्याचे ८५ टक्के काढले की साडेचारलाही थोडे कमी. एवढ्यात पट्टा आणि गिअरबॉक्स आपला वाटा घेणार, तो मी धरलेलाच नाही.

आता खरी तपासणी

हिशेब झाला की बिघाड शोधायला अर्थ येतो. त्यासाठी एकच साधन विकत घ्या: प्लगच्या वायरला गुंडाळायचा टॅकोमीटर. कानाने आरपीएम ओळखणारे असतात, मी त्यांच्यातला नाही.

यात एक खोच आहे. एक सिलिंडरच्या बहुतेक छोट्या चार स्ट्रोक इंजिनांत ठिणगी पाडणारा मॅग्नेटो फ्लायव्हीलवर असतो, त्यामुळे ठिणगी दर फेऱ्याला पडते, म्हणजे निम्म्या ठिणग्या वाया. टॅकोमीटर "चार स्ट्रोक" वर ठेवला तर तो दोन फेऱ्यांना एक ठिणगी धरतो आणि दुप्पट आकडा दाखवतो. माझ्या टिलरने पहिल्यांदा ६१०० दाखवले आणि मी घाबरून इंजिन बंद केलं होतं. टॅकोमीटर "एका फेऱ्याला एक ठिणगी" वर ठेवा.

आधी भाराशिवाय पूर्ण रेसवर आकडा घ्या. मग नेहमीचं काम करताना घ्या. दोन आकडे एकमेकांशेजारी लिहा. पुढचं सगळं यांवर ठरतं.

भाराशिवायच आरपीएम पुस्तिकेत दिल्यापेक्षा बराच कमी असेल, तर इंजिनाच्या पोटात हात घालायची घाई नको. रेसची केबल ताणून सैल झालेली असते, कान शेवटपर्यंत जात नाही, गव्हर्नरची स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवलेली असते किंवा गव्हर्नरचा दांडा त्याच्या खुंटीवर सरकलेला असतो. दुरुस्तीला नेऊन आणलेल्या यंत्रात हे फार दिसतं.

भाराशिवाय आकडा बरोबर, भारावरही फारसा पडत नाही, पण काम होत नाही. मग इंजिन निर्दोष. ताकद वाटेत कुठेतरी सांडतेय. पट्टा सरकतोय, क्लच घसरतोय, पात्याला धार नाही, पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) झिजलाय किंवा ओढणारा पाइप हवा घेतोय. पंपवाल्यांनी आणखी एक गणित करून बघावं: सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटर उंची, गुणिले ९.८१, भागिले १०००. सेकंदाला ५ लिटर २० मीटर चढवायचे तर निव्वळ पाण्यालाच जवळपास एक किलोवॅट हवा, आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर इंजिनाकडून १.६. पाणी खालून ओढायची उंची सात-आठ मीटरच्या पुढे असेल, तर कितीही एचपी आणा, उपयोग नाही. तिथे अडचण वातावरणाच्या दाबाची आहे.

तिसरी स्थिती खऱ्या बिघाडाची: भाराशिवाय आकडा बरोबर, पण भार येताच फेरे भराभर पडतात. गव्हर्नर थोडे फेरे सोडतोच, पाच ते दहा टक्के उतार चालतो. तीन हजारांचे दोन हजार होत असतील आणि हिशेबाप्रमाणे भार जास्त नसेल, तर आता पाना उचला.

सुरुवात चोकपासून करा. यंत्र भारावर दबत असताना चोक हळूच अर्धा ओढा. इंजिन सावरलं तर त्याला पेट्रोल कमी पडतंय: मेन जेटमध्ये कचरा, पेट्रोलचा फिल्टर चोंदलेला, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बंद, किंवा कार्ब्युरेटरच्या मागच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. झाकणाची शंका असेल तर ते सैल करून पाच मिनिटं चालवून बघा. चोक ओढल्यावर इंजिन आणखी बिघडलं तर उलटं: हवा कमी पडतेय किंवा पेट्रोल जास्त येतंय. एअर फिल्टर घाण किंवा तेलाने भिजलेला, चोकची झडप पूर्ण उघडतच नाही, फ्लोटची सुई गळतेय. चोक ओढून काहीच फरक पडत नसेल तर मिश्रण सोडा आणि बाकीकडे वळा. या एका चाचणीने अर्धं काम संपतं, आणि तिला खर्च काही नाही.

बाकीकडे म्हणजे आधी सायलेन्सर. दोन स्ट्रोक यंत्रांत सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीने चोंदते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. ब्रश कटर "पूर्वीसारखा राहिला नाही" म्हणून येतो तेव्हा मी आधी हीच जाळी काढून बघतो. मग प्लग, फट ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास, नेमकी पुस्तिकेप्रमाणे. मग व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर. पातं कधी दगडावर किंवा खुंटावर आपटलं असेल तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे त्याला दांड्यावर जागेवर धरणारा छोटा तुकडा, नक्की बघा. ती अर्धवट कापली गेली तरी इंजिन चालू होतं, पण ठिणगीचं टायमिंग हलल्यामुळे ताकद जाते आणि दोरी ओढताना हाताला झटका बसतो.

कॉम्प्रेशन सगळ्यांत शेवटी. तिथे गेज लावून कमी आकडा आला म्हणून लगेच रिंग बदलायला बसू नका. बऱ्याच छोट्या इंजिनांत दोरी सहज ओढता यावी म्हणून सुरुवातीला एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवायची सोय असते, त्यामुळे दोरी ओढून घेतलेला आकडा कमीच येतो. हवेचा दाब भरून गळती कुठून होतेय ते ऐकायची चाचणी जास्त खरी. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या भोकातून आली तर रिंग.

गव्हर्नरला हात लावू नका

फेरे कमी म्हणून ताकद कमी, एवढं वाचल्यावर कोणाला तरी गव्हर्नरचा स्क्रू फिरवायची हुक्की येणारच. भाराशिवाय आवाज जोरात येतो, मन प्रसन्न होतं. पण गवताच्या यंत्रात पात्याच्या टोकाचा वेग मर्यादेबाहेर जातो आणि दगडावर आपटून तुटलेला तुकडा कोणाच्या पायात घुसेल हे सांगता येत नाही. जनरेटरमध्ये फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज चढून जोडलेली उपकरणं जळतात. ज्या इंजिनांत कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा असतो, तिथे तो तुटला की क्रँककेस फोडून बाहेर येतो. पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत गव्हर्नर बसवणं ही दुरुस्ती. त्याच्या पुढे नेणं नव्हे.

विजेवरच्या यंत्रांचं थोडक्यात

इथेही तोच खेळ, कपडे वेगळे. मोटरवर "पीक एचपी" लिहिलं असेल तर तो मोटर सुरू होतानाचा किंवा अडकतानाचा क्षणिक आकडा असतो. व्होल्ट गुणिले अँपियर करून वॅट काढा आणि ७४६ ने भागा. मोटर वाया घालवते ते अजून वजा व्हायचंय, तरीही उत्तर पाटीपेक्षा बरंच खाली आलं तर चकित होऊ नका. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरवर यंत्र दबत असेल तर आधी वायर बदला.

बॅटरीवर "४० व्होल्ट मॅक्स" म्हणजे दहा सेल. पूर्ण भरलेल्या सेलचे ४ व्होल्टच्या वर, पण काम करताना सरासरी ३.६, म्हणजे खरे ३६ व्होल्ट. ६० मॅक्स म्हणजे ५४, ८० मॅक्स म्हणजे ७२. व्होल्टची शर्यत सोडा आणि वॅट-तास बघा: ३६ व्होल्ट गुणिले ५ अँपियर-तास म्हणजे १८०. त्यावरून यंत्र किती वेळ चालेल ते कळतं. ताकद मात्र मोटर आणि तिचा कंट्रोलर ठरवतात, बॅटरीवरचा आकडा नाही.

इंजिन बरोबर निघालं तर

मग भार कमी करायचा, दुसरा इलाज नाही. गवत उंच असेल तर पातं वर घेऊन दोनदा कापा, किंवा एका वेळी अर्ध्या रुंदीचाच पट्टा घ्या. पंपाला लहान पाइप लावला असेल तर मोठा लावा, घर्षणात फार जातं. टिलरची खोलीची दांडी वर करा आणि दोन फेऱ्यांत खणा. माझ्या टिलरची पाती दोन्ही बाजूंना चार-चार होती. बाहेरचं एकेक काढून ठेवलं. रुंदी कमी झाली, फेऱ्या वाढल्या, पण भारावर टॅकोमीटर २८५० वर स्थिर राहतो आणि इंजिनाचा आवाज बदलत नाही. काढलेली दोन पाती अजून खिळ्याला टांगलेली आहेत.